पाचवा 'का' आणि व्हॅक्युम क्लीनरचा वास

ज्या वस्तूने माणूस घाण काढतो, त्या वस्तूला कालांतराने घाणीचाच वास येऊ लागतो, हा निसर्गनियम आहे. केरसुणी, फरशीचं फडकं, मोरीचा ब्रश आणि वॉर्डातले पुढारी ही याची परिचित उदाहरणं. मागासलेला समाज अशी वस्तू उन्हात टाकतो. प्रगत समाज मीटिंग बोलावतो.

वाकडमधल्या आमच्या 'सिल्व्हर क्रेस्ट' सोसायटीत (क्रेस्ट म्हणजे काय हे बिल्डरलाही सांगता आलं नव्हतं, सिल्व्हर रंग होता, तो वर्षभरात उडाला) घरगुती व्हॅक्युम क्लीनरच्या दुर्गंधीचा प्रश्न ज्या शास्त्रशुद्ध पद्धतीने हाताळला गेला, त्याची हकिकत पुढील पिढ्यांच्या उपयोगी पडावी म्हणून सांगतो. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. प्रश्न चौथ्या मजल्यावर घडला. त्यामुळे माझी माहिती वरून आलेली, म्हणजेच अधिकृत आहे.

चौथ्या मजल्यावर सावळाराम मुंगसे राहतात. मूळचे चाकणजवळच्या खेड्यातले. गावची जमीन एमआयडीसीत गेली, तिच्यावर गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना उभा राहिला आणि सावळाराम त्याच कारखान्यात क्वालिटीला लागले. ज्या मातीत त्यांच्या आजोबांनी बटाटा लावला, त्याच मातीवर उभं राहून त्यांनी सगळी नोकरी ब्रेकचे भाग नापास करण्यात घालवली. नापास करण्याचा त्यांचा हात इतका बसला होता, की मुलाच्या लग्नाच्या वेळी पत्रिका छापून आल्या तेव्हा त्यांनी त्यातल्या निम्म्या 'कडा असमान' म्हणून परत पाठवल्या होत्या.

असा माणूस निवृत्त होतो तेव्हा घर त्याच्या ताब्यात येतं. घराला हे माहीत नसतं.

पहिल्या महिन्यात त्यांनी स्वयंपाकघरात पिवळ्या पट्ट्या मारल्या: इथून कुकर जाईल, इथून माणूस. डब्यांवर लेबलं आली. ज्या डब्यात मीठ दिसत होतं त्यावर 'मीठ' आणि ज्यात दिसत नव्हतं त्यावर 'मीठ (साठा)'. भिंतीवर लाटणं, झारा, सांडशी यांच्या काळ्या आकृत्या काढल्या, म्हणजे वस्तू जागेवर नसेल तर लगेच कळावं.

"लाटणं जागेवर नसंल तर ते माझ्या हातात असंल," गिरजाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या. "आन् त्या वक्ताला तुम्ही जागेवर नसाल तर बरं."

सावळारामांनी ही सूचना नोंदवून घेतली.

याच सुमारास सून हर्षालीने व्हॅक्युम क्लीनर आणला. हर्षाली हिंजवडीत आयटीत आहे. मुलगा माऊली चाकणला शिफ्टमध्ये आहे. नवरा-बायकोची भेट सहसा लिफ्टमध्ये होते. घरकामाला भिमाबाई यायच्या, त्यांना मशीन चालवायला दिलं. भिमाबाईंनी ते एकदा फिरवून पाहिलं, त्याचा आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "बोंबलतंय लई, पन वडतंय चांगलं." हा आमच्या माहितीप्रमाणे त्या मशीनबद्दलचा पहिला आणि शेवटचा निःपक्षपाती अभिप्राय.

मशीनच्या स्वच्छतेची जबाबदारी सावळारामांनी स्वतःकडे घेतली. 'सफाई म्हणजेच तपासणी' हे त्यांच्या कारखान्याचं ब्रीद होतं. भिमाबाई काम करून गेल्या की ते मशीन उघडत, आतला फोमचा फिल्टर नळाखाली धरून दुधासारखं पाणी येईपर्यंत, मग पाण्यासारखं पाणी येईपर्यंत धुवत, पिळत, आणि ताबडतोब जागेवर बसवून झाकण लावत. ताबडतोब अशासाठी, की वस्तू जागेवर नसणं हा त्यांच्या शास्त्रात खुनाच्या खालोखालचा गुन्हा आहे. इतकी काळजी घेतलेला फिल्टर पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत दुसरा नसेल.

आठवडाभरात मशीनला वास येऊ लागला.

वासाचं वर्णन करणं अवघड आहे. हर्षाली म्हणायची, डब्यात विसरलेल्या मोज्यांसारखा. गिरजाबाई म्हणायच्या, म्हशीनं रेडकू टाकल्यासारखा. माऊली रात्रपाळीहून येऊन झोपलेला असायचा. मशीन सुरू झालं की तो झोपेतच उशी नाकावर घ्यायचा. मशीनची खुबी अशी, की ते पुढून धूळ ओढतं आणि मागून हवा सोडतं, त्यामुळे घरातला वास एका कोपऱ्यात न राहता सर्व खोल्यांना समप्रमाणात मिळतो. सरकारी योजनांना हे अजून जमलेलं नाही.

या प्रसंगाने घरातले तिघे त्रासले आणि सावळाराम उजळले. निवृत्तीनंतर प्रथमच काहीतरी नापास झालं होतं.

रविवारी त्यांनी 'घ्राण सुधार मंडळ' स्थापन केलं. अध्यक्ष स्वतः. सभासद गिरजाबाई (भाजी निवडत) आणि हर्षाली (एका कानात ऑफिसचा कॉल). वासाची मोजपट्टी ठरली: शून्य म्हणजे वास नाही, दोन म्हणजे खिडकी उघडावीशी वाटणे, चार म्हणजे पाहुणे चहा अर्धा ठेवून उठणे, पाच म्हणजे पाहुण्यांनी पुन्हा न येणे. (पाच हा दर्जा काही नातेवाइकांच्या बाबतीत इष्ट समजावा, अशी उपसूचना गिरजाबाईंनी मांडली. ती फेटाळण्यात आली.) मोजणीसाठी उपलब्ध नाकं तीन, पैकी एक कायम सर्दीचं. सरासरी साडेतीन आली.

मग मुख्य कार्यक्रम. ज्यांनी कारखान्यात काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कारखान्यात काही बिघडलं की पाच वेळा 'का?' असं विचारतात. प्रत्येक उत्तराला पुन्हा 'का?'. पाचव्या उत्तराला मूळ कारण म्हणतात. सावळारामांच्या अनुभवात पाचवं उत्तर नेहमी एकच निघालं होतं: ऑपरेटर. लोखंड वाकडं आलं, ऑपरेटर. वीज गेली, ऑपरेटर. पाचाच्या पुढे विचारत नाहीत, कारण सहावा 'का' जिना चढून साहेबांच्या केबिनकडे जातो आणि केबिनला एसी असल्याने दार बंद असतं.

खास यासाठी आणलेल्या फळ्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. वास का येतो? आत काहीतरी कुजतंय. का कुजतंय? आत ओल आहे. ओल का आहे? ओला कचरा ओढला गेला. का ओढला गेला? ओढणाऱ्याने ओढला. ओढणाऱ्याने का ओढला? प्रशिक्षण नाही.

"म्हणजे भिमाबाई?" हर्षालीने कॉल म्यूट करून विचारलं.

"व्यक्ती नाही. ऑपरेटर," सावळाराम म्हणाले.

"त्या कोरडंच झाडतात, बाबा. मी बघितलंय."

"तुझं निरीक्षण आहे. आपल्याला पुरावा हवा."

"मग ओल्या कचऱ्याचा तरी पुरावा कुठाय?"

सावळारामांनी फळ्याकडे बोट दाखवलं. तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी भिमाबाईंना प्रशिक्षण देण्यात आलं. मशीन कसं धरावं, ओलं आणि कोरडं यात काय फरक असतो (भिमाबाई परांड्याकडच्या, त्यांच्या गावाला ओलं म्हणजे काय हे दर दोन वर्षांनी एकदाच कळतं), शेवटी सही आणि फोटो. भिमाबाई फोटोसाठी पदर सारखा करून मशीनशेजारी उभ्या राहिल्या आणि थोड्या हसल्याही. त्यांना वाटलं, कौतुक चाललंय.

कारखान्यात अशा गोष्टी सगळ्यांना दिसतील अशा बोर्डावर लावतात. आमच्या इमारतीत सगळ्यांना दिसेल असा बोर्ड एकच, लिफ्टशेजारचा. तिथे पाणीकपातीच्या सूचनेखाली तो रंगीत कागद लागला: 'समस्या: दुर्गंधी. मूळ कारण: ऑपरेटर.' आणि मध्ये हसऱ्या भिमाबाई. मांडणी उत्कृष्ट होती. शेजारच्या इमारतीतले लोकही येऊन पाहून गेले.

वास चारवर गेला.

प्रशिक्षणाने फरक पडला नाही तर ऑपरेटर बदलणं ही पुढची पायरी. सावळारामांनी भिमाबाईंना बाहेरच्या खोलीत बसवून समजावलं. आवाज मऊ होता. ते वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगायला हवं होतं.

"बाई, हे तुमच्याविरुद्ध नाही. ही प्रक्रिया आहे."

"मंग परकिरियेला काढा," भिमाबाई म्हणाल्या. "मला कशापाई काढताय?"

या प्रश्नाला फळ्यावर जागा नव्हती. गिरजाबाई आतून बाहेर आल्या, नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेल्या. हर्षालीचा कॉल चालू होता. भिमाबाईंनी चपला घातल्या आणि जिन्याने खाली उतरल्या. लिफ्टजवळून जायचं नव्हतं त्यांना.

आमच्या इमारतीत त्यांची आणखी चार घरं होती. कागद वाचता येणारी सुशिक्षित कुटुंबं असल्याने महिन्याभरात चारही सुटली. कुणी कारण सांगितलं नाही. आपल्याकडे सुशिक्षित लोक कामवालीला कारण सांगत नाहीत, 'सध्या नको' म्हणतात. (त्या चारांत आमचंही घर होतं. निर्णय सौभाग्यवतींचा, मी फक्त विरोध केला नाही.)

आता मशीनचा ऑपरेटर कोण? गिरजाबाईंनी ते पद नाकारलं. "मला केरसुणी हाय. तिला वास न्हाई आन् मीटिंग न्हाई." हर्षालीने दोन रविवार चालवलं आणि मग तिला रविवारी अचानक ऑफिसचं काम निघू लागलं. शेवटी सावळारामांनी स्वतः सूत्रं हाती घेतली. आता चालवणारे तेच, धुणारे तेच आणि वास मोजणारेही तेच. नियंत्रण इतकं कडक झाल्यावर दिवसातून एकदा धुतला जाणारा फिल्टर ते दोनदा धुऊ लागले. वासाने मोजपट्टी सोडली.

तेव्हा त्यांनी कादरभाईंना बोलावलं.

कादरभाई त्याच कारखान्यात मेंटेनन्सला होते. माल खराब निघाला की क्वालिटीवाले म्हणत मशीन बिघडलंय आणि मेंटेनन्सवाले म्हणत तुमचं मोजमाप बिघडलंय. या एका भांडणावर दोघांची दोस्ती आयुष्यभर टिकली होती. निवृत्तीनंतर कादरभाई पिंपरीच्या बाजारात अत्तराच्या दुकानात बसतात. दुकान त्यांचं आहे असं ते सांगतात. गल्ल्यावर कमरुन्निसाभाभी असतात, त्यामुळे ते कुणाचं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

कादरभाईंनी मशीनच्या तोंडाशी नाक नेलं आणि दोन पावलं मागे आले.

"या अल्ला. सावळाराम, यात काय पुरलंयस?"

"ऑपरेटर बदलला. तरी येतोय."

"मोटर जळतेय. मी सांगतो ना. क्वालिटीवाल्याला काय कळतंय मोटरीतलं." आणि त्यांनी खिशातून कुपी काढली. "तोपर्यंत हे घे. दोन थेंब."

मोगऱ्याचे दोन थेंब गेले. दुसऱ्या दिवशी घराला मोगऱ्याच्या वेलाखाली काहीतरी मेल्याचा वास आला. मग खस आला, मग केवडा. गिरजाबाईंनी मध्येच कापराच्या वड्या टाकल्या. सूत्रांच्या माहितीनुसार त्या आठवड्यात लिफ्टमध्ये भेटणारे लोक सावळारामांना हळू आवाजात विचारत होते, "घरी सगळे बरे आहेत ना?" पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी तर खाली येऊन चपला दाराबाहेर काढल्या, हात जोडले आणि कधी नेणार असं विचारलं.

"वास वाढला की काय?" कादरभाईंनी फोनवर विचारलं.

"वाढला नाही. भारी झालाय," सावळाराम म्हणाले.

याच दिवसांत गावच्या भैरवनाथाची यात्रा आली. निघायच्या सकाळीही सावळारामांनी फिल्टर धुतला, पण खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, गिरजाबाई लिफ्ट अडवून उभ्या होत्या. त्या गडबडीत फिल्टर बाल्कनीच्या कठड्यावर राहिला. सावळारामांच्या आयुष्यात जागेवर न ठेवलेली ही पहिली वस्तू.

यात्रेत ते तीन-चार दिवस रमले. परतले तेव्हा हर्षाली मशीन चालवत होती. कठड्यावर सापडलेला फिल्टर तिने नुकताच आत बसवला होता. सावळाराम दारातच थांबले.

"मशीन चालू आहे?"

"चालूच आहे, बाबा. आवाज येतोय ना."

"वास?"

हर्षालीने थांबून हुंगलं. गिरजाबाईंनी पिशव्या खाली ठेवून हुंगलं. सर्दीच्या नाकानेही प्रयत्न केला. शून्य.

आनंद व्हायला हवा होता. पण उपाय न करता झालेली सुधारणा त्यांच्या शास्त्राला मंजूर नसते. त्यांनी फिल्टर धुतला, बसवला. दुसऱ्या सकाळी वास. काढून बाल्कनीत वाळवला, बसवला. वास नाही. पुन्हा धुतला, बसवला. वास. हर्षाली एकदा म्हणाली, "बाबा, ओला फोम बंद डब्यात ठेवला की..."

"कळलं," सावळाराम म्हणाले.

"वला बोळा कोंडून ठिवला तर वास मारनारच," गिरजाबाई कांदा चिरता चिरता म्हणाल्या. मग सुरी थांबवून, "आवं, त्या बाईचा फोटू अजून भिंतीवर हाय."

सावळाराम त्या दिवशी जेवले नाहीत. फळ्यासमोर खुर्ची घेऊन बसले. तिसऱ्या ओळीवर, 'ओल का आहे?' इथे, ते बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी कादरभाईंना फोन केला. कादरभाई आधी पोटभर हसले. क्वालिटीवाल्याची चूक क्वालिटीवाल्याच्या तोंडून ऐकायची म्हणून ते जन्मभर थांबले होते. हसून झाल्यावर म्हणाले, "चल. मी येतो बरोबर. एकट्याने जाशील तर तिथेपण ट्रेनिंग देऊन येशील."

पुढचा प्रसंग कादरभाईंनी मला सांगितला. त्यात त्यांनी भर घातलेली नाही असं त्यांचं म्हणणं आहे.

भिमाबाई थेरगावात दोन खोल्यांत राहतात. चाकणच्या एका कंपनीत त्यांना झाडलोटीचं कंत्राटी काम मिळालं होतं. पहाटे बस, संध्याकाळी बस. हे दोघे पोचले तेव्हा त्या पायरीवर बसून मेथी निवडत होत्या. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच होतं.

"बाई, तपासणी पूर्ण झाली," सावळारामांनी उभ्याउभ्याच सुरुवात केली. "तुमचा दोष नव्हता, असं सिद्ध झालंय."

"ते मला पयल्या दिशीच ठाव व्हतं."

"मग वास कशाचा ते सांगितलं का नाहीत?"

"कशाचा ते मला काय ठाव? म्या केला न्हाई, येवढं ठाव व्हतं." त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "पाच येळा 'का' इचारलंत सायेब तुमी. कुनाला इचारलंत? फळ्याला. मला एकदाबी न्हाई."

कादरभाई समोरच्या भिंतीवरची पोलिओची जाहिरात वाचू लागले. सावळारामांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. मुद्दा बरोबर असला की लिहून घ्यायची सवय. हात तिथेच राहिला.

"परत या कामाला. हर्षालीनेही सांगितलंय."

"एका घरापायी येऊ व्हय? तुमच्या बिल्डिंगीत पाच घरं व्हती माजी. दुसऱ्या मजल्यावरची बाई म्हनली, तुमच्या हाताला काय झालंय का? त्या दिशी माज्या पोरीनं माजे हात हुंगले, सायेब. म्हनली, आये, नुसता भांड्याच्या साबनाचा वास हाय. तरी म्या परत धुतले." त्यांनी हात पदराला पुसले. "अजून धुते. जेवायच्या आदी दोनदा."

सावळाराम पायरीवर बसले. बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

"काय करू?" त्यांनी विचारलं. कादरभाई म्हणतात, उत्तर माहीत नसताना सावळारामने विचारलेला हा पहिला प्रश्न.

"जितं फोटू लावलाय तितंच खरं काय ते लिवा. आन् मी समुर असताना वाचा. समद्यांना ऐकू जाईल असं."

सावळारामांनी हो म्हटलं, आणि ते पाळायला निघालेही. पण सोसायटीत एकट्याने लाज वाटून घ्यायची सोय नाही. सेक्रेटरी मिनलताई एका मोठ्या कंपनीत माणसं सांभाळण्याच्या खात्यात आहेत. सावळारामांनी बोर्डासाठी परवानगी मागताच त्यांचे डोळे भरून आले. "काका, किती ऑथेंटिक! हे बोर्डावर नको, याचा कार्यक्रम करू." शनिवारी संध्याकाळी क्लबहाउसमध्ये 'जबाबदारी दिन' ठरला. शाल, श्रीफळ, समोसे, मागे फ्लेक्स. फ्लेक्सवर सावळाराम हसताहेत.

शनिवारी सगळी सोसायटी लोटली. सर्वसाधारण सभेला कोरम भरत नाही, पण दुसऱ्याची चूक ऐकायची असली की खुर्च्या कमी पडतात. भिमाबाई शिफ्ट करून बसने थेट आल्या. दारात त्या दिसताच मिनलताईंचा चेहरा खुलला.

"बरं झालं बाई आलात! हा ट्रे जरा फिरवता का सगळ्यांना?"

यात मिनलताईंचा काही वाईट हेतू नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकतो. हेतूच नव्हता.

भिमाबाईंनी ट्रे घेतला. पहिल्या रांगेत कमिटीसाठी राखून ठेवलेल्या खुर्च्या होत्या, त्यातल्या मधल्या खुर्चीवर बसल्या, ट्रे मांडीवर ठेवला, एक समोसा उचलला, मोडला, फुंकर घातली आणि खाऊ लागल्या. साठ-सत्तर सुशिक्षित माणसं एका समोशाकडे पाहत होती.

सावळाराम कागद घेऊन उभे राहिले. "वासाचं मूळ कारण मी होतो," त्यांनी वाचलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. केवढं मोठं मन, असं कुणीतरी ओरडलं. सावळारामांनी पुढचं वाक्य वाचलं: भिमाबाईंचा दोष पहिल्या दिवसापासून नव्हता. ते टाळ्यांत कुणाला ऐकू आलं नाही. त्यांनी हात वर करून लोकांना थांबवलं आणि तेच वाक्य पुन्हा सुरू केलं. लोकांना वाटलं, नम्रपणा. टाळ्या दुप्पट झाल्या. मिनलताईंनी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली.

तेव्हा ते शाल तशीच घेऊन खाली उतरले आणि भिमाबाईंच्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले. कागद खिशात गेला होता.

"भिमाबाई, चूक माझी होती. मी ती तुमच्यावर ढकलली. सगळ्यांसमोर ढकलली."

"व्हय," भिमाबाई म्हणाल्या. घास गिळून पदराने तोंड पुसलं. "आता बसा. घ्या, गरम हाय तवर."

सावळारामांनी समोसा घेतला नाही. त्यांनी ट्रे घेतला आणि रांगेरांगेतून फिरवू लागले. लोकांनी संकोचाने एकेक उचलला. काहींनी त्यांच्याबरोबर फोटो काढले. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मात्र मनाने फार चांगल्या. त्या आवर्जून पहिल्या रांगेपाशी गेल्या.

"बरं झालं हो, भिमाबाई, सगळं क्लिअर झालं. आमच्याकडे आता दुसरी लागलीय, नाहीतर तुम्हालाच..."

"ऱ्हाऊ द्या," भिमाबाई म्हणाल्या आणि दाराकडे निघाल्या. हर्षाली त्यांच्या मागे जिन्यापर्यंत धावली. भिमाबाईंनी तिचं ऐकून घेतलं, तिच्या गालाला हात लावला, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो हात नाकाशी नेऊन पाहिला आणि हसल्या. पण परत कामाला आल्या नाहीत. अजून चाकणलाच जातात. मुंगशांच्या घरी मशीन पलंगाखाली आहे आणि घर आता सावळाराम झाडतात, केरसुणीने, गिरजाबाईंच्या देखरेखीखाली. फळा त्यांनी पुसून शेजारच्या मुलांना दिला.

सभेत शेवटी प्रश्नोत्तरं झाली. बरेच हात वर झाले. फिल्टर किती वेळ वाळवायचा? उन्हात की सावलीत? साबण चालतो का? कुणी मोबाइलवर लिहून घेतलं, कुणी व्हिडिओ काढला. ही हकिकत मी नंतर वाकडमध्ये, सांगवीत, पार देहूरोडपर्यंत अनेक सुसंस्कृत घरांत सांगितली आहे. ऐकताना लोक हळहळतात, भिमाबाईंच्या हातांपाशी तर एकदोघींनी डोळे पुसले. मग थोडा वेळ जातो, आणि ते हळूच तोच प्रश्न विचारतात: फिल्टर किती वेळ वाळवायचा?

तुम्हालाही ताटकळत ठेवत नाही. पूर्ण एक दिवस, सावलीत, साबण न लावता. आता घरात जी बाई काम करतेय, तिला हाक मारून सांगून टाका. नाव माहीत असेलच.